गावातली चोरटी दारू बंद करायची, तर पोलिसांकडे नेमकं काय मागायचं?

दारूविरोधात पहिल्यांदाच अर्ज लिहायला बसलेल्या माणसाच्या हातून बहुतेक वेळा एकच वाक्य उतरतं : ‘आमच्या गावात सर्रास दारू विकली जाते, तरी योग्य ती कारवाई व्हावी, ही नम्र विनंती.’ खाली पन्नास-साठ सह्या, काही अंगठे. ठाण्यात आवक शिक्का बसतो. दोन-चार दिवसांनी बीटचे हवालदार येतात, एखाद्या टपरीतून आठ-दहा क्वार्टर उचलतात, आणि पुढच्या बाजाराला धंदा पुन्हा सुरू. मग गाव म्हणतं, हप्ता आहे. असेलही. काही ठिकाणी असतोच. पण बऱ्याचदा गावाने जे मागितलं तेवढंच गावाला मिळालेलं असतं. एक छापा.

छाप्याने अड्डा उठत नाही. एकाच माणसावर लागोपाठ गुन्हे नोंदले गेले आणि त्या गुन्ह्यांच्या जोरावर पुढची कारवाई झाली, तर उठतो. तिथपर्यंत कसं पोहोचायचं, ते पुढे लिहिलं आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या ज्यांनी हे काम नुकतंच हाती घेतलं आहे, त्यांच्यासाठी : बचत गटाच्या बायका, नवे सरपंच, नवे पोलीस पाटील, किंवा घरातल्या दारूने जीव मेटाकुटीला आलेली कोणीही माय.

पहिलं काम : दारू कुठली ते ओळखा

‘दारू’ एवढंच लिहून भागत नाही. आपल्या भागात ती वेगवेगळ्या वाटांनी येते आणि प्रत्येक वाटेवरची कारवाई वेगळी.

हातभट्टीची गावठी दारू नदी-नाल्याच्या काठी निघते, कारण भट्टीला पाणी लागतं आणि आडोसा लागतो. गिरणा, पांझरा, बोरी, अनेर या नद्यांच्या काठची काटेरी बाभळीची रानं, उसाचे फड, ओसाड विहिरी ही तिची ठरलेली ठिकाणं. काळा गूळ आणि नवसागर, कुठे मोहाची फुलं, हे पिंपात किंवा जमिनीत पुरलेल्या ड्रममध्ये काही दिवस सडवतात. त्याला पोलिसांच्या कागदावर ‘कच्चे रसायन’ म्हणतात. ते उकळून निघालेली दारू ट्यूबमध्ये, कॅनमध्ये किंवा प्लॅस्टिकच्या फुग्यांत भरून गावात येते.

दुसरी, देशीच्या सीलबंद बाटल्या. ही दारू सरकारमान्य कारखान्यातली असते आणि परवानाधारक दुकानातूनच निघालेली असते. तिथून मोटारसायकलवर खोकी लादून ती विनापरवाना खेड्यात येते आणि किराण्यात, अंडाबुर्जीच्या गाडीवर, नाहीतर कोणाच्या ओट्यावर चढ्या भावाने विकली जाते. बाटली कायदेशीर, विक्री बेकायदेशीर. खान्देशातल्या बहुतेक गावांची डोकेदुखी हीच आहे.

तिसरी वाट सीमेवरची. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांना मध्य प्रदेश लागून, तर नवापूर, तळोदा, अक्कलकुवा यांना गुजरात. गुजरात १९६० पासून कोरडं राज्य. गंमत अशी की १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. गुजरातने त्यावर बंदी चालवली, महाराष्ट्राने त्याच कायद्याखाली परवाने दिले. त्यामुळे गुजरातकडे निघालेला चोरटा माल आपल्या रस्त्यांवरून जातो, आणि मध्य प्रदेशातली स्वस्त दारू आपल्याकडे उतरते. जून २०२५ मध्ये राज्याने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तीन पटींवरून साडेचार पट केलं. भावातली दरी वाढली की चोरट्या वाहतुकीतली कमाई वाढते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. बाटलीच्या लेबलवर दुसऱ्या राज्यात विक्रीसाठी असल्याचं छापलेलं असतं. रिकामी बाटली सापडली तर त्या लेबलचा फोटो काढून ठेवा.

चौथी, बनावट. नामी कंपनीच्या रिकाम्या बाटल्यांत स्पिरिट आणि रंग. ही सगळ्यांत जीवघेणी.

आणि परवाना असलेलं दुकान? देशीचं सीएल-३, वाईन शॉप म्हणजे एफएल-२, परमिट रूम म्हणजे एफएल-३. हे बंद करायचा रस्ता पोलीस ठाण्यातून जातच नाही. गावातल्या एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी किमान २५ टक्क्यांनी सह्यांचा अर्ज द्यायचा, उत्पादन शुल्क विभाग सह्या पडताळतो, मग गुप्त मतदान होतं : उभी बाटली की आडवी बाटली. नोंदणी असलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत, हे लक्षात ठेवा. मतदानाला न आलेली बाई इथे उभ्या बाटलीच्याच पारड्यात जाते. चोरट्या दारूसाठी मात्र असल्या मतदानाची काही गरज नाही. ती आजही बंदच आहे. ‘आधी गावाचा ठराव आणा’ असं कोणी म्हणालं तर तो तुम्हाला कटवतो आहे.

दोन दारं, दोन्ही ठोठवा

अवैध दारूवर कारवाईचा अधिकार पोलिसांनाही आहे आणि राज्य उत्पादन शुल्क विभागालाही. नवख्या माणसाला एका खात्याकडून दुसऱ्याकडे टोलवणं सोपं जातं, म्हणून पहिल्याच दिवशी दोघांना अर्ज द्या आणि प्रत्येक अर्जात दुसऱ्याला प्रत दिल्याचं लिहा.

पोलिसांच्या बाजूने उतरंड अशी : गावात पोलीस पाटील, मग बीट अंमलदार, ठाण्याचे प्रभारी निरीक्षक, उपविभागीय पोलीस अधिकारी, जिल्ह्याला पोलीस अधीक्षक. अधीक्षकांच्या हाताखाली स्थानिक गुन्हे शाखा असते. लोक तिला एलसीबी म्हणतात. स्थानिक ठाण्याचा आणि विक्रेत्याचा चांगलाच घरोबा आहे असं दिसत असेल तर एलसीबी ही कामाची जागा आहे, कारण तिची माणसं तुमच्या चौकात रोज चहा पीत नाहीत.

पोलीस पाटलाला टाळू नका. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ प्रमाणे गावातल्या गुन्ह्यांची माहिती ठाण्याला कळवणं हे त्यांचं काम आहे. ते गावचेच, त्यांचीही भाऊबंदकी असते, त्यामुळे तोंडी सांगितलेलं अनेकदा तिथेच विरतं. अर्जाची एक प्रत त्यांच्या हातात देऊन पोच घेतली की ते विरणं अवघड होतं.

तातडीच्या वेळी ११२. उत्पादन शुल्क विभागाचा टोल फ्री नंबर १८०० २३३ ९९९९. नाव गुप्त ठेवा असं बोलतानाच सांगा.

माहिती : कोण, कुठे, केव्हा, कुठून

पोलिसांना छाप्यासाठी ‘सर्रास’ हा शब्द उपयोगाचा नाही. त्यांना लागतं ते असं : कोण विकतो, त्याचं गावात चालणारं नाव काय, घर किंवा टपरी नेमकी कुठे, माल कुठे लपवतो (बहुतेक वेळा घरात नसतोच, शेजारच्या पडक्या वाड्यात, कडब्याच्या गंजीत, शेणाच्या खड्ड्यालगत, गाडीच्या डिकीत असतो), किती वाजता येतो, कोण आणून टाकतो, गाडीचा नंबर काय. माल लपवण्याची जागा सांगितली नाही तर हवालदारांच्या हाती दोन बाटल्या लागतात, आणि दोन बाटल्यांचा गुन्हा कोर्टात दोन बाटल्यांएवढाच उभा राहतो.

वेळ सांगा. मजुरी कधी हातात पडते यावर दारूविक्रीची वेळ ठरते. केळी पट्ट्यात आठवड्याच्या पगाराची संध्याकाळ, कापूस वेचणीच्या दिवसांत रोजची संध्याकाळ, आणि सगळीकडे आठवडे बाजार. आखाजी आणि पोळ्याला माल आधीच भरून ठेवतात. आखाजीला सासरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि त्याच दिवसांत पत्ते आणि बाटली यांनाही ऊत येतो. अर्ज सणाच्या आठवडाभर आधी गेला तर साठा सापडतो. सणानंतर गेला तर रिकाम्या बाटल्या.

कच्च्या मालाची वाट फार थोडे लोक लिहितात. गूळ विकणं गुन्हा नाही, पण ज्या गावात लग्नसराई नाही की गुऱ्हाळ नाही, तिथे पोत्यांनी काळा गूळ आणि किलोकिलो नवसागर कोणाच्या घरी जातो, हे किराणावाल्याला ठाऊक असतं. दारू गाळण्याची साधनं आणि साहित्य बाळगणं हाही दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हा आहे. मदत करणारे आणि कटात सामील असणारे यांच्यासाठी कलम ८१ आणि ८३ आहेत. खेड्यात विकणाऱ्यावर गुन्हा होतो आणि त्याला खोकी पुरवणारा नामानिराळा राहतो. अर्जात ‘माल कोण पुरवतो याचाही तपास व्हावा’ हे एक वाक्य घालाच.

ही माहिती जमवताना हिंमत दाखवायला जाऊ नका. गिऱ्हाईक बनून चोरून व्हिडिओ काढणं, गाडीचा पाठलाग करणं, भट्टीवर जाऊन पाहणं, यातलं काहीही तुमचं काम नाही. रस्त्यावरून जाता-येता दिसेल तेवढं लिहून ठेवा. आणि मडकी फोडू नका. बायकांनी चिडून भट्टी उद्ध्वस्त केल्याच्या बातम्या वाचायला बऱ्या वाटतात, पण फुटलेल्या मडक्याबरोबर पुरावाही मातीत जातो, आणि उलट तुमच्यावरच घरात घुसल्याची नि नुकसान केल्याची तक्रार होते. तसंच समाजाच्या बैठकीत एखाद्या घराला वाळीत टाकायचा ठराव तर कधीच नको; सामाजिक बहिष्काराविरोधात २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात तुम्हीच अडकाल.

अर्ज कसा दिसावा

मोठं प्रास्ताविक नको. एक पान पुरे. साधारण असा :

‘मा. पोलीस निरीक्षक साहेब, … पोलीस ठाणे.
विषय : मौजे … येथील अवैध दारूविक्रीबाबत माहिती.
महोदय, मौजे … येथे … वस्तीत, मारुती मंदिरामागील दुसऱ्या गल्लीत, … हा इसम विनापरवाना देशी दारू विकतो. माल दुपारी चारच्या सुमारास … या नंबरच्या मोटारसायकलवर येतो व घरालगतच्या पडक्या खोलीत ठेवला जातो. विक्री सायंकाळी सहा ते दहा. सदर ठिकाण जिल्हा परिषद शाळेच्या वाटेवर आहे. तरी १) सदर ठिकाणी छापा टाकून गुन्हा दाखल व्हावा. २) माल पुरवणाऱ्याचा तपास व्हावा. ३) सदर इसमावर यापूर्वी दाखल गुन्हे पाहता दारूबंदी कायद्याच्या कलम ९३ प्रमाणे चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डचा प्रस्ताव पाठवावा. ४) केलेली कारवाई लेखी कळवावी.’

दोन प्रती न्या, एकीवर तारखेचा आवक शिक्का आणि सही घ्या. शिक्का मिळत नसेल तर ‘बरं साहेब’ म्हणून बाहेर पडा आणि तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. वाद घालून उपयोग नाही. पोस्टाची पावतीही तेवढंच काम करते.

सह्या किती? माझ्या मते माहितीच्या अर्जावर एकाचीही सही पुरते, आणि नाव उघड होण्याची भीती असेल तर अशी माहिती तोंडीच द्यावी. सह्यांचा मोठा अर्ज वेगळा, तो गावाचं म्हणणं कळवणारा. त्यात विक्रेत्याची खोली-गल्ली लिहू नका. शंभर सह्या घेत फिरलेला कागद संध्याकाळच्या आत विक्रेत्याने वाचलेला असतो.

नवख्यांना एक भीती फार असते : ‘फिर्यादी म्हणून माझं नाव येईल का?’ दारूच्या गुन्ह्यांत बहुतेक वेळा छापा टाकणारा पोलीस कर्मचारीच सरकारतर्फे फिर्याद देतो. तुम्ही फक्त माहिती देणारे. तुमचं नाव गुन्ह्याच्या कागदात यायची गरज नसते.

छापा पडतो तेव्हा

इथे पंचांची गोष्ट येते आणि इथेच गाव मागे सरतं. छाप्याला दोन पंच लागतात. पोलीस ओळखीतले, ठरलेले पंच घेऊन येतात, आणि तीन वर्षांनी कोर्टात ते ‘मला आठवत नाही, साहेबांनी सही करायला सांगितली’ म्हणून फितूर होतात. गावातल्या दोन माणसांनी पंच व्हायची तयारी ठेवली, आणि नंतर साक्षीलाही उभे राहिले, तर तो गुन्हा टिकतो. शिक्षक, ग्रामपंचायत कर्मचारी, निवृत्त फौजी असे लोक बरे. विक्रेत्याचे वैरी किंवा नातेवाईक नकोत.

पंचाने काय पाहायचं? पंचनामा जागेवरच लिहिला जातो का, की ठाण्यात बसून. मोजणी समोर होते का : देशीच्या १८० मिलीच्या किती बाटल्या, त्यांचे बॅच नंबर, गावठीचं किती लिटर, रसायन किती. गावठी दारूतून एका बाटलीत नमुना काढला जातो, बुचावर कागद चढवून दोरा गुंडाळतात, लाख ओतून सील मारतात, आणि पंचांच्या सह्यांचं लेबल डकवतात. ते लेबल कोरं असताना सही करू नका. ही बाटली पुढे रासायनिक तपासणीला जाते, ज्याला सगळे ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात. तो वेळेत आला नाही किंवा सीलचा घोळ निघाला तर बाकीचं सगळं खरं असूनही आरोपी सुटतो. उरलेलं रसायन जागेवरच नष्ट करतात, आणि त्याचाही उल्लेख पंचनाम्यात लागतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे, मोबाइलवर चालतं. ‘साहेब, चित्रीकरण चालू आहे ना?’ एवढं पंचाने नम्रपणे विचारलं तरी मोजणी नीट होते.

ढाब्याचं प्रकरण असेल तर कलमं वेगळी. विनापरवाना दारू प्यायला जागा देणाऱ्या मालकावर दारूबंदी कायद्याचं कलम ६८ आणि तिथे बसून पिणाऱ्यांवर ८४. इथे गिऱ्हाइकांनाही कोर्टात उभं राहावं लागतं, त्यामुळे एकदा अशी कारवाई झालेला ढाबा बरेच दिवस शांत राहतो. ज्यांना महामार्गालगतच्या ढाब्यांचा त्रास आहे त्यांनी नेमकी हीच मागणी करावी.

‘सकायले धरी लई गयात, सांजले सुटी उना’

हे वाक्य तुम्ही ऐकणार आहात, आणि ते ऐकल्यावर अर्ध्याहून जास्त गट काम सोडतात. म्हणून इथे जरा थांबून समजून घ्या.

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्णेश कुमार प्रकरणात बजावलं, आणि आता तशी नोटीस द्यायची तरतूद नव्या संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. त्यामुळे थोड्या मालाच्या गुन्ह्यात विक्रेता नोटिशीवर किंवा जामिनावर त्याच दिवशी घरी येणार. पोलीस विकले गेले म्हणूनच आला असं धरून चालू नका. खटला पुढे चालतो. पण त्याच्या निकालाची वाट पाहत बसलात तर तुमच्या पोरांची मिसरूड फुटेल.

तो घरी आला तरी गुन्ह्याची नोंद राहते, आणि तीच तुमच्या कामाची. दोन-तीन गुन्हे नोंदले गेले की पुढची दारं उघडतात.

कलम ९३ दारूबंदी कायद्यातलंच. पुन्हा हा धंदा करणार नाही म्हणून ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक रकमेचा, जामीनदारासह चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड. मुदतीत पुन्हा सापडला तर रक्कम जप्त होण्याची वेळ येते. इथे जामीनदारही अडकतो, म्हणून भाऊबंदच त्याला आवरायला लागतात. गावपातळीवरच्या विक्रेत्यावर याच्याइतकं परिणामकारक दुसरं काही नाही असं माझं मत आहे, आणि गाव मागत नाही म्हणून हेच सगळ्यांत कमी वापरलं जातं.

त्यापुढे हद्दपारी, म्हणजे लोक ज्याला तडीपारी म्हणतात ती. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५६ खाली, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. प्रस्ताव पोलीस तयार करतात, त्यावर आदेश प्रांताधिकारी काढतात. यात लोकांचे गोपनीय जबाब लागतात. साक्षीदाराचं नाव उघड न करता ते नोंदवता येतात. जबाब द्यायला कोणीच पुढे आलं नाही तर प्रस्ताव कमकुवत होतो.

आणि सगळ्यांत कडक एमपीडीए, १९८१ चा स्थानबद्धतेचा कायदा. त्याच्या लांबलचक नावातच ‘हातभट्टीवाले’ आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने एक वर्षापर्यंत स्थानबद्ध ठेवता येतं. हा पिढीजात भट्ट्या चालवणाऱ्या, दहशत असलेल्या माणसासाठी. टपरीवर क्वार्टर विकणाऱ्या विधवेसाठी नाही. तिच्यावर एमपीडीए मागणारा अर्ज मी पाहिला आहे. अशा अर्जाने तुमचंच वजन कमी होतं. तिला कोण माल देतो ते विचारा.

पोरांकरवी पुड्या-बाटल्या पोहोचवल्या जात असतील तर मात्र अजिबात सबुरी नको. अल्पवयीनाला दारू देणं आणि त्याच्याकडून दारूची ने-आण किंवा विक्री करून घेणं, हे बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ आणि ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंडाचे गुन्हे आहेत. हे कलम अर्जात आलं की प्रकरणाचा नूरच पालटतो.

विषारी दारूची शंका आली तर

बनावट दारूत मिथेनॉल गेलं की गावंच्या गावं बसतात. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली. जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या बोटाद भागात चाळीसहून जास्त. मिथेनॉलची खोड अशी की त्रास लगेच होत नाही. माणूस पिऊन झोपतो, सकाळी उठतो, आणि बारा-चोवीस तासांनी पोटात दुखतं, उलट्या होतात, डोळ्यांपुढे धुरकट दिसतं, धाप लागते. ‘रात्रीची उतरली नाही’ म्हणून घरचे लिंबूपाणी देत बसतात आणि तेच तास हातचे जातात.

अंधुक दिसतंय म्हटल्याबरोबर १०८ ला फोन. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. मिथेनॉलवर उतारा आणि डायलिसिस अशाच मोठ्या रुग्णालयात मिळतं. डॉक्टरांना दारू प्यायल्याचं लपवू नका. उरलेली बाटली फेकू नका, ती सोबत न्या. त्याच्याबरोबर जे जे प्यायले होते त्यांना, काही होत नसलं तरी, दवाखान्यात न्या. आणि ११२ वर कळवा, कारण त्याच ड्रममधला माल आणखी चार गावांत गेलेला असू शकतो.

घरातला आणि रस्त्यावरचा त्रास

दारू कुठूनही आलेली असो, पिऊन मारझोड हा वेगळा गुन्हा आहे. रात्री नवरा अंगावर धावून येत असेल तर ११२, शिवाय १८१ ही महिला हेल्पलाइन. हवालदार ‘घरची गोष्ट आहे, सकाळी बघू’ म्हणाले तर सकाळी तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली घराबाहेर न पडता संरक्षण मागता येतं. बसस्थानकावर, शाळेच्या वाटेवर पिऊन धिंगाणा घालणाऱ्यावर दारूबंदी कायद्याचं कलम ८५ लागतं. पिऊन गाडी चालवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पिणाऱ्याला मात्र विक्रेत्याच्या रांगेत बसवू नका. अड्डा बंद झाल्यावर रोज पिणाऱ्याचे हात थरथरतात, झोप जाते, कधी झटके येतात, आणि घरचे घाबरून स्वतःच बाटली शोधायला निघतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय टोल फ्री नंबर आहे. झटके आले किंवा भास होऊ लागले तर थेट सिव्हिल.

सातपुड्यातल्या गावांसाठी थोडं वेगळं

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके, शिवाय शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेलाच मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा निर्बंध आणण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे इथे ग्रामसभेच्या ठरावाला इतर गावांपेक्षा जास्त वजन. पण भिल्ल-पावरा घरांत मोहाची दारू देवाला लागते, होळीला लागते, लग्नाला लागते. ही आणि मजुरांना रोज विकायला आणलेली देशी, यांत ठरावाने फरक केला नाही तर अर्धा पाडा पहिल्याच दिवशी विरोधात जातो. ठराव त्याच लोकांनी, त्यांच्या बोलीत बोलून लिहावा. बाहेरून गेलेल्यांनी गप्प बसावं.

इतर गावांसाठी ग्रामरक्षक दल आहे. अण्णा हजारे यांनी लावून धरल्यावर २०१६ मध्ये दारूबंदी कायद्यात ही तरतूद आली. ग्रामसभेतून नावं ठरतात, महिला सदस्य असतात. दलाने दिलेली माहिती ही अधिकृत माहिती, त्यामुळे कारवाई का झाली नाही याचं उत्तर द्यावं लागतं. पण दल कागदावर उभं करून सोडलेली गावंही आहेत. वीस नावांपेक्षा रोज डोळे उघडे ठेवणारी सहा माणसं बरी.

पोलीस हलत नसतील तर

पंधरा दिवस थांबा. मग ठाण्याला स्मरणपत्र, प्रत पोलीस अधीक्षकांना. फिर्याद घ्यायलाच नकार दिला असेल तर नव्या संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे अधीक्षकांकडे लेखी आणि टपालाने तक्रार करता येते, तिथेही दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. जिल्हाधिकाऱ्यांकडे महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. अधीक्षकांच्याही वर जायचं तर तिन्ही जिल्हे पोलिसांच्या नाशिक परिक्षेत्रात येतात. कोणी उघड पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४. हप्त्याचा नुसता संशय अर्जात लिहू नका. संशयाला पुरावा नसतो आणि त्या एका ओळीमुळे ठाण्यातला चांगला माणूसही तुमच्यापासून दूर सरतो.

निवडणुकीचे दिवस सोडू नका. मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूविक्रीला पूर्ण बंदी असते, त्याच्या कितीतरी आधीपासून नाके लागलेले असतात आणि तक्रारीवर पथक धावून येतं. एरवी महिनाभर न मिळालेला छापा या दिवसांत पडतो.

आणि माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. ‘कारवाई का केली नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. असं विचारा : मागच्या तीन वर्षांत मौजे अमुक येथे दारूबंदी कायद्याखाली दाखल गुन्ह्यांचे क्रमांक, तारखा, कलमं आणि जप्त मुद्देमाल, त्यांपैकी किती प्रकरणांत दोषारोपपत्र गेलं, किती जणांविरुद्ध कलम ९३ चे प्रस्ताव पाठवले. उत्तरात एकच माणूस पाच वेळा सापडलेला आणि प्रस्तावाच्या रकान्यात ‘निरंक’ दिसला, तर पुढच्या अर्जाला तोच कागद जोडा आणि या वेळी अर्ज ठाण्यात न देता थेट अधीक्षक कार्यालयात द्या.